शून्य पतंगांचं वावर

दीपाच्या मोठ्या भावाला पहिली मुलगी झाली आणि आषाढी पौर्णिमेला विहारात तिचं नामकरण झालं, ते साल २०२३. त्या नामकरणासाठी दीपा अमरावतीहून आपल्या गावी, लोणझरीला आली, एका बॅगेनिशी, दोन दिवसांसाठी. प्राणिशास्त्रातली एम.एस्सी. नुकतीच झाली होती. पुढं पुण्याला जायचं, एखाद्या प्रयोगशाळेत लागायचं, असं तिच्या मनात होतं. पण खीर खाता खाता विठ्ठलरावांनी तिला बाजूला बोलावलं, आणि दोन दिवसांचे चार रविवार झाले. पुढं चाराचे किती झाले, ते तिनंही मोजलं नाही.

विठ्ठलराव हा मोठा शिकलेला माणूस नव्हता. दारव्ह्याच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळेतल्या नळ्या धुतल्या, बाटल्या पुसल्या. निवृत्त होताना शाळेनं काढून टाकलेला एक सूक्ष्मदर्शक त्यांनी मागून घेतला, आणि लोणझरीच्या समाजमंदिरात दर रविवारी मुलं गोळा करायला सुरुवात केली. ज्या लेकराला शाळेत "गप बस, लय इचारू नको" असं ऐकावं लागतं, त्यानं इथं यावं, एवढाच नियम. दीपा पाचवीत असताना तिनं त्याच भिंगाखाली कांद्याची साल पाहिली होती. त्या सालीनं तिला एम.एस्सी.पर्यंत नेलं, असं ती कोणालाही सांगायची.

"पोरी," विठ्ठलराव त्या दिवशी म्हणाले, "माह्या डोळ्यायले आता भिंगात काई दिसत नाई. पोट्टे इचारतात, अन् मी अंदाजानं सांगतो. अंदाजानं सांगनं बरं नोहे. हायेस तोवर चार रविवार घे."

तिला नाही म्हणता आलं नाही. ज्यानं आपल्याला पहिल्यांदा पाहायला शिकवलं, त्याचे डोळे गेल्यावर आपण पुण्याला कसं जायचं?

वर्गात चौदा मुलं होती. त्यांतली सलोनी आठवीतली. ही पोरगी झोपेतही प्रश्न विचारते, असं तिची आई म्हणायची. दर डिसेंबरात यवतमाळला मुलांचा एक संशोधन मेळावा भरायचा. त्यातून निवडलेल्या मुलांना नागपूरला दहा दिवसांचं शिबिर मिळायचं. खऱ्या प्रयोगशाळा, खरी दुर्बीण, आणि कितीही प्रश्न विचारले तरी न रागावणारी माणसं. आठवीनंतर मात्र तिथं घेत नसत. म्हणजे सलोनीला हे एकच वर्ष.

"काय मोजाचं मग?" दीपानं मुलांना विचारलं.

"आपल्या गावात लय काय हाय, तेच मोजू," सलोनी म्हणाली. "बोंडअळी."

म्हणून बाजाराच्या दिवशी दीपा बोरी अरबला गेली, कृषी केंद्राच्या फळीवर दोन्ही हात टेकवून म्हणाली, "गुलाबी बोंडअळीच्या गोळ्या द्या." आणि तिच्या शेजारून अगदी त्याच वेळी एक आवाज आला, "गुलाबी बोंडअळीच्या गोळ्या द्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो उंच, उन्हानं रापलेला, खांद्यावर दुपट्टा, आणि डोळ्यांत असं काही की आत्ताच हसून झालं आहे किंवा आत्ताच हसणार आहे.

"पाकीट एकच हाय," दुकानदार म्हणाला. "तुमीच ठरवा बाप्पा."

"किती एकर हाय तुमची पऱ्हाटी?" त्यानं कपाशीचं विचारलं.

"एक बी नाई."

"मंग गोळ्या कायले?"

"सापळ्यात लावाले."

"अन् सापळे कायले?"

"पतंग मोजाले."

"अन् मोजून?"

"लिवून ठेवाचे."

"अन् लिवून?"

"लय इचारता हो तुमी!" दीपा म्हणाली. "आमच्या रविवारच्या वर्गात येऊन बसा. तिथं सगळे असेच हायेत."

"किती वयाचे घेता?"

"दहा ते चौदा."

"मी सत्तावीसचा हाय... जरा सरकून बसलो त चालन काय?"

दुकानदार खो खो हसला. दीपालाही हसू आलं, ते तिनं ओढणीत लपवलं. शेवटी त्यानं पाकीट उचलून तिच्या पिशवीत टाकलं. "दहा गोळ्या हायेत. साऱ्या तुमच्या. पन एक अट. पाच सापळे माह्या वावरात लावा. मोजनं तुमचं होईन, राखन माही."

त्याचं नाव धम्मरत्न. नाल्यापल्याडच्या दहेगावचा. बारावीनंतर वडिलांची कंबर गेली म्हणून शेतीत आला आणि शेतीतच राहिला. हे सगळं त्यानं बसस्टँडपर्यंत चालता चालता सांगितलं, न विचारता.

सापळ्याची गंमत अशी असते. एक नरसाळं, त्याखाली बांधलेली प्लास्टिकची लांब पिशवी, आणि वर टांगलेली रबराची बारकी गोळी. त्या गोळीला मादी पतंगाचा वास लावलेला असतो. नराला वाटतं, कोणीतरी बोलावतंय. तो येतो, घिरट्या घालतो आणि नरसाळ्यातून घसरून थेट पिशवीत. मग रविवारी पिशवी सोडून मोजायचं.

"म्हणजे मादी नसतेच तिथं?" पहिल्या दिवशी धम्मरत्ननं विचारलं. तो खांब ठोकत होता, दीपा गोळी अडकवत होती.

"नसते. नुसता वास."

"अन् हा येडा येते?"

"येते."

"अरेरे," तो खांबाला म्हणाला, "कोनाची गती कोनाले कळत नाई."

मुलं फिदीफिदी हसली. दीपानं गोळी नीट लागली की नाही हे पाहण्याच्या निमित्तानं तोंड वळवलं.

पाच सापळे त्याच्या वावरात लागले. उरलेले पाच बांधापलीकडं, किसनरावांच्या वावरात. किसनराव म्हणजे साठीतले, तोंडानं कडक, पण मुलांना भुईमुगाच्या शेंगा खिशात कोंबून देणारे. दोन्ही वावरं एकाच नाल्याच्या काठाला, एकच माती, एकच पाऊस. त्यामुळं आकडे सारखेच येतील असं सगळ्यांना वाटलं होतं.

पण तसं झालं नाही. पहिल्या रविवारी किसनरावांच्या पाच सापळ्यांत मिळून अकरा पतंग सापडले, दुसऱ्या रविवारी चौदा. धम्मरत्नकडं पहिल्या रविवारी शून्य आणि दुसऱ्या रविवारीही शून्य.

तरी मुलांना त्याचंच वावर आवडायचं. तिथं आंब्याखाली चहा मिळायचा, उकडलेल्या शेंगा मिळायच्या, आणि तो प्रत्येक प्रश्नाला वाकडं उत्तर द्यायचा. सगळं गाव दीपाला दीपाताई म्हणायचं. तो एकटा मॅडम म्हणायचा.

"मॅडम काय म्हणता?" एकदा तिनं हळूच विचारलं. "सारे ताई म्हणतात."

"म्हणू द्या त्यायले."

"तुमाले ताई म्हनाले काय होते?"

त्यानं चहाची कपबशी तिच्या हातात दिली. "ताई म्हनाची हिंमत नाई माही," तो म्हणाला, आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. बैलांनी नुकतंच पाणी प्यायलं होतं.

तिसऱ्या रविवारी पुन्हा शून्य आलं. मुलांची तोंडं उतरली. दीपानं पाचही पिशव्या उलटसुलट करून पाहिल्या आणि वहीवर पेन आपटत म्हणाली, "इथं काई गावत नाई. पुढच्या रविवारी बी शून्य आलं त हे पाच सापळे हरिसिंगच्या वावरात नेऊ, रस्त्याच्या त्या बाजूनं."

धम्मरत्न बैलाच्या दाव्याची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला. नेहमी बोलणारा माणूस गप्प बसला हे तिच्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ तिनं वेगळाच लावला. आज चहा द्यायला कंटाळला असेल, असं तिला वाटलं.

चौथ्या रविवारी त्याच्या सापळ्यांत सहा पतंग निघाले. मुलांनी वावरभर आरोळ्या ठोकल्या. पाचव्या रविवारी तेरा. त्याच दिवशी परतताना पावसाची सर अशी आली की पळायलाही वेळ मिळाला नाही. धम्मरत्ननं बैलगाडीवरची ताडपत्री ओढून आणली. दोन कोपरे त्यानं धरले, दोन दीपानं, आणि मधे चौदा मुलं कोंबडीच्या पिलांसारखी दाटीवाटीनं बसली. ताडपत्री मुलांपुरतीच होती. धरणारे दोघं दोन टोकांना भिजत उभे राहिले, एकमेकांसमोर.

"मॅडम, अंदर या. मी धरतो चारी कोपरे."

"चार हात हायेत काय तुमाले?"

"नाई... दोनच हायेत. म्हनून त म्हनतो, कोनी असलं पाह्यजे सोबत."

पावसाच्या आवाजात हे मुलांना ऐकू गेलं नाही, असं दोघांना वाटलं. ताडपत्रीखालून सलोनीचा आवाज आला, "धम्मादादा, आमाले सारं ऐकू येते."

दीपाच्या गालावरून पाणी ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही, दोन्ही हात गुंतलेले होते. समोरच्यानं एकदा पाहिलं, मान खाली घातली, पुन्हा पाहिलं... तिला वाटलं, ही सर अजून थोडा वेळ राहिली तरी चालेल. पुण्याच्या प्रयोगशाळेची तिला त्या दिवशी एकदाही आठवण झाली नाही.

सहाव्या रविवारी एकवीस पतंग. मुलांनी पिशवीतले पतंग डबीत भरून समाजमंदिरात आणले आणि भिंतीवरच्या कागदावर रेघ वर चढवली. किसनराव मुद्दाम पाहायला आले. चष्मा पुसून त्यांनी कागद न्याहाळला.

"ह्या धम्माचं वावर म्हणजे आरशावानी साफ," ते म्हणाले. "तिथं बी असं चढून राह्यलं त माह्याकडं आता काई खरं नाई. सांगतो, उद्याच फवारा काढतो. औषध आनून ठेवलं हाय."

ते गेले. मुलं डब्या आवरायला लागली. सलोनी मात्र भिंगाला डोळा लावून बसली होती, बराच वेळ, आणि तिच्या मानानं बराच वेळ गप्प.

"ताई, वास मादीचा असते ना?"

"हो."

"मग येते कोन?"

"नर."

"फक्त नर?"

"फक्त नर. आपन वाचलं ना ते."

"मग हिच्या पोटात अंडी कशी?"

दीपानं भिंगाशी डोळा नेला. पोट भरलेलं, आणि टाचणीच्या टोकानं जरासं दाबल्यावर बाहेर आलेले बारीक बारीक, मोत्यासारखे दाणे. मादी. तिनं दुसरा पतंग घेतला. तिसरा. एकविसांत नऊ माद्या निघाल्या. मग किसनरावांच्या डबीतले सगळे तपासले. सगळे नर.

विठ्ठलराव कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. "किती माद्या म्हनलं?"

"नऊ, काकाजी."

"मग ते पतंग आपल्या मनानं पिशवीत गेले नाईत, पोरी," ते म्हणाले. "कोनीतरी नेऊन टाकले."

कोणी टाकले हे दीपाला विचारावं लागलं नाही. यवतमाळच्या मेळाव्याला दोन महिने उरले होते. असे आकडे घेऊन सलोनी तिथं उभी राहिली, आणि कोणी परीक्षकानं हाच प्रश्न विचारला, तर त्या पोरीनं काय सांगायचं? सहा आठवडे सकाळी उठून, चिखल तुडवून, ज्यांनी मोजलं त्या चौदा लेकरांना खोटं ठरवणारा माणूस कोण, तर तो.

ती एकटीच नाल्यापल्याड गेली. धम्मरत्न तुरीत डवरणी करत होता. ती मुलांशिवाय येताना दिसली तसा त्याचा चेहरा उजळला. जवळ आली तसा विझला.

"किती रविवार टाकले?" तिनं सरळ विचारलं.

त्यानं डवऱ्यावरचा हात काढला. बैल थांबले. "तीन," तो म्हणाला. "किसनकाकाच्या बांधाले लागून मोटारीची खोली हाय, तिच्यावर बल्ब हाय. दिवेलागणीले तिकडचे पतंग येतात. बोंडअळीचे तेवढे निवडून धरले... अन् टाकले."

"काहून?"

तो बैलांच्या मानेवरून हात फिरवू लागला.

"मी इचारून राह्यली, काहून?"

"तुमीच म्हनलं होतं. शून्य आलं त सापळे हरिसिंगच्या वावरात नेऊ."

"मग?"

"मंग तुमी बी हरिसिंगच्या वावरात जाल ना."

दीपाला एकाच वेळी रडू आलं, हसू आलं आणि त्याच्या अंगावर मातीचं ढेकूळ फेकावंसं वाटलं. तिनं तिन्ही आवरलं. "तुमाले समजते काय, तुमी काय केलं? सलोनी आठवीत हाय. तिले पुढच्या वर्षी कोनी घेनार नाई. तिचं एक वर्ष तुमी पिशवीत घालून बांधलं. अन् तुमच्या त्या आकड्यावर किसनराव काका उद्या फवारा काढून राह्यले."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्यानं बैल सोडले. "आधी तिकडं जातो," तो म्हणाला. "त्यायचं औषध अन् मजुरायची हजेरी वाया जाईन. मंग तुमी मले जे बोलाचं ते बोला, मी खाली मान घालून ऐकतो."

"मले काई सांगू नका. पुढच्या रविवारी पोट्ट्यायले सांगा," ती म्हणाली, आणि मागं न पाहता निघाली. मागं पाहिलं असतं तर राग टिकला नसता, हे तिला ठाऊक होतं.

किसनरावांनी त्या संध्याकाळी धम्मरत्नला अर्ध्या गावाला ऐकू जाईल इतक्या शिव्या दिल्या, आणि मग चहाही पाजला. फवारा निघाला नाही.

आठ दिवस दीपानं त्याचं नाव काढलं नाही. पण भावाच्या मुलीला आंदुळताना ती दोनदा म्हणाली, "येडा हाय, शुद्ध येडा," आणि वहिनीनं विचारलं, "कोन?" तर म्हणाली, "कोनी नाई. पतंग."

रविवारी धम्मरत्न समाजमंदिरात आला. चपला बाहेर काढल्या, सतरंजीवर मुलांच्या रांगेत बसला आणि बसल्या जागी सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. चौदा जोडी डोळे त्याच्यावर होते.

"धम्मादादा," सलोनी म्हणाली, "कोनत्या रविवारी किती टाकले?"

"चवथ्या रविवारी सहा. पाचव्या रविवारी तेरा. सहाव्याले एकवीस."

"म्हणजे सारेच तुमचे? आपल्या मनानं आलेला एक बी नाई?"

"एक बी नाई."

"कागदावर लिवून द्या. आमाले वहीत लावा लागते."

तो भिंतीला टेकून लिहायला बसला. लिहिलं, वाचलं, दिलं. सलोनीनं कागद पाहिला आणि परत केला. "कारन नाई लिवलं."

"कारन कायले पाह्यजे?"

"कारन लिवल्याशिवाय नोंद पुरी होत नाई. ताईनंच शिकवलं."

धम्मरत्ननं दीपाकडं पाहिलं. दीपा खिडकीबाहेर पाहत होती. "मॅडम... काय लिवू?"

"खरं असन ते लिवा," खिडकीबाहेर पाहतच ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. सलोनीनं कागद घेतला, आणि तिची मोठ्यानं वाचायची सवय आडवी आली. "मी धम्मरत्न, राहणार दहेगाव. चौथ्या, पाचव्या अन् सहाव्या रविवारी सापळ्यात बल्बावरचे पतंग धरून टाकले. कारण, सापळे हलले तर दीपा मॅडम माझ्या वावरात आल्या नसत्या. मले त्यांची रविवारपर्यंत वाट पाहणं जड जाते. याच्यात मुलांचा काही दोष नाही."

मग मागच्या रांगेतून कोणीतरी फुसकन हसलं आणि सगळं समाजमंदिर हसायला लागलं. दीपाचे कान लाल झाले. पळून जावं तर दारात विठ्ठलराव पाय पसरून बसलेले.

"हसून झालं काय?" विठ्ठलराव म्हणाले. "मग आता कामाचं बोला. तीन रविवार खोटे, ते खोडा. मग काय राह्यलं ह्याच्या वावरात?"

"शून्य," सलोनी म्हणाली.

"मग शून्य काहून? बांधाले बांध लागून. किसनकडं अकरा, चौदा, अन् ह्याच्याकडं शून्य काहून? हे कोनी इचारलं काय?"

कोणीच विचारलं नव्हतं. दीपानंही नाही. ती हळूच वळली आणि त्या दिवसात पहिल्यांदा धम्मरत्नशी नीट बोलली. "मागच्या वर्षी पऱ्हाटी कवा उपटली तुमी?"

"डिसेंबरात. शेवटचा वेचा झाला की लगेच. उन्हाळ्यात खोल नांगरलं. बाबायची पद्धत हाय ती."

"अन् किसनराव काकांनी?"

"त्यायनं फरदड ठेवली होती, मार्चपर्यंत. तीच झाडं पुन्हा पाणी देऊन."

अळीला मार्चपर्यंत घर मिळालं ते एका वावरात. दुसऱ्या वावरात घरच राहिलं नाही. दीपानं वहीतलं तिसऱ्या रविवारचं पान उघडलं. मुलं ज्याच्या शोधात होती ते तिसऱ्या रविवारीच हाती आलं होतं, आणि काही गावत नाही म्हणून तीच ते फेकायला निघाली होती.

"चूक माही बी हाय," ती मुलांना म्हणाली. "शून्य म्हणजे काई नाई, असं मी धरलं. एम.एस्सी. होऊन. तसं धरलं नसतं त सापळे हलवाची गोष्ट मी काढली नसती, अन् मंग... ह्यायनं बी काई टाकलं नसतं. हे बी वहीत लिवू."

"कारन?" सलोनीनं विचारलं.

"उतावळेपना," दीपा म्हणाली. आणि मग धम्मरत्नकडं न पाहता, "माह्यावालं एवढंच लिवजो."

पुढचे रविवार दहाही सापळे तपासले गेले, पिशव्यांची गाठ सलोनीनं स्वतः बांधली आणि गाठीवर कागद चिकटवला. मोटारीच्या खोलीवरचा बल्ब धम्मरत्ननं काढूनच टाकला. त्याच्या वावरात शेवटपर्यंत सगळे मिळून चार पतंग आले, चारही नर. किसनरावांकडं एकशे सदुसष्ट.

डिसेंबरात यवतमाळच्या मेळाव्यात सलोनी फळ्याजवळ उभी राहिली. परीक्षक बाई पिकल्या केसांच्या होत्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या. त्यांनी वही चाळली आणि 'आमच्या चुकीच्या नोंदी' ह्या पानावर थांबल्या. धम्मरत्नचा कागद त्यांनी दोनदा वाचला. मग नऊ माद्या कशा सापडल्या हे सलोनीला विचारलं. सलोनी बोलू लागली ती थांबेचना. बाईंनी घड्याळ पाहिलं नाही.

"आणि ह्या दीपा मॅडम कोण?" शेवटी त्यांनी विचारलं.

चौदा बोटं एकदम दीपाकडं वळली. धम्मरत्न दाराशी मुलांच्या डब्यांच्या पिशव्या घेऊन उभा होता, तो दारामागं झाला.

"मग, आता जाता का तुम्ही त्या वावरात?" बाईंनी हसत विचारलं.

"जाते ना," दीपा म्हणाली. "मोजणी अजून सुरू आहे."

लोणझरीचा पहिला नंबर आला नाही, तिसराही नाही. पण संध्याकाळी शिबिराची यादी लागली, त्यात सलोनीचं नाव होतं. तिनं ते बोटानं तीनदा वाचलं. मग धावत येऊन विठ्ठलरावांच्या पायाला हात लावला. त्यांना यादी दिसत नव्हती. "वाच मले," ते म्हणाले. "पुन्हा वाच." त्यांनी ती ओळ चार वेळा ऐकली.

बसस्टँडवर मुलं समोसे खाण्यात गुंतली तेव्हा दीपा आणि धम्मरत्न एका बाकावर बसले. मधे पिशव्यांची रास.

"मॅडम," तो म्हणाला, "तो कागद आता यवतमाळात बी वाचला गेला. बल्बावरच्या पतंगापरीस जास्त लोकायनं माही फजिती पाह्यली."

"खोटं थोडं लिवलं होतं?"

"नाई... खरंच होतं." त्यानं दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "पन तुमी एम.एस्सी. अन् मी बारावी. तुमाले पुण्याले जाचं हाय. म्हनून पुढचं लिवलं नाई."

"पुढचं काय होतं?"

"तेच... रविवारच नाई, सोमवार बी. मंगळवार बी. सारेच वार."

दीपानं मधल्या पिशव्या एकेक करून दुसऱ्या बाजूला ठेवल्या. सगळ्या. "पुण्याचं नंतर पाहू," ती म्हणाली. "दारव्ह्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवाले बोलावून राह्यले. अन् बारावीचं म्हनाल त... मी ज्याच्याकडं शिकली तो मानूस नळ्या धूत होता. मले शिकलेला पाह्यजे असं नाई. चूक झाली त सतरंजीवर बसून कबूल करनारा पाह्यजे."

"म्हणजे... हाव?"

"हाव."

"धम्मादादा!" समोश्याच्या घोळक्यातून सलोनी ओरडली. "आमाले इथं बी ऐकू येते!"

दीपाचे वडील भीमराज ह्यांचं बोरी अरबला शिलाईचं दुकान होतं. विठ्ठलराव काठी टेकत तिथं गेले आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसले. "भीमराज, पोरीसाठी पोरगं पाह्यलं हाय."

"कागदवाला काय?" भीमराज मशीन न थांबवता म्हणाले. तोवर त्या कागदाची गोष्ट जिल्हाभर झाली होती. "काकाजी, पोरगी एम.एस्सी. हाय. तो उद्या पुन्हा काई लपवन त?"

"लपवन कसा? सारं लिवून दिलं त्यानं, सही करून. तू लगनाच्या वेळी एवढं लिवून दिलतं काय?"

मशीन थांबली. भीमराज हसले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्यांनी त्याच वेळी नवऱ्या मुलाच्या कुडत्याचं माप मागवलं.

बुद्धपौर्णिमेला, मे २०२४ मध्ये, लोणझरीच्या विहारात लग्न झालं. रविवारच्या वर्गाची चौदाही मुलं पहिल्या रांगेत होती, आणि सलोनी नागपूरच्या शिबिरात पाहिलेल्या शनीच्या कड्यांबद्दल शेजाऱ्याला सांगत होती. आशीर्वाद द्यायची वेळ आली तेव्हा विठ्ठलरावांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवले आणि बराच वेळ काढलेच नाहीत.

"काकाजी, काई बोला," दीपा म्हणाली.

"काय बोलू? मी तुले एक साल दाखवली होती कांद्याची," ते म्हणाले. "तू मले किती काय दाखवलं, पोरी. मीच तुह्या उपकारात हाय."

दीपानं त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. उपकार कोणाचे, हे तिला चांगलं माहीत होतं. लग्नानंतर ती दहेगावला राहायला गेली, आठवड्यातले चार दिवस दारव्ह्याला शिकवू लागली, आणि रविवारी दोघं मिळून नाला ओलांडून समाजमंदिरात येत राहिली. तिथं आता तेवीस मुलं बसतात. सतरंजी पुरत नाही.

विठ्ठलराव ११ फेब्रुवारी २०२५ ला, मंगळवारी सकाळी, लोणझरीला आपल्या घरी वारले. त्यांचं वय चौऱ्याहत्तर होतं.